किलर व्हेल : नाव, कुळ आणि ओळख

बालकवींचे जन्मगाव म्हणून धरणगाव मराठी वाचकांना परिचित आहे. जळगाव जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव कपाशीच्या मुलखात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. तालुक्यातून गिरणा वाहते, उत्तर अंगाने तापी जाते. समुद्र मात्र दूर आहे. खानदेशातील अनेक विद्यार्थ्यांना समुद्राचे पहिले दर्शन पुस्तकातच घडते. अशा शाळेत प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास निघतो : देवमासा पाण्यात राहतो, त्याला पर असतात, नावातही ‘मासा’ आहे, मग तो मासा का नाही?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यास किलर व्हेल अथवा ओर्का या प्राण्याइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. त्याच्या इंग्रजी नावात ‘व्हेल’ आहे, कुळ डॉल्फिनचे आहे, बाह्य आकार माशासारखा आहे आणि वंशपरंपरा मात्र गाई-बैलांच्या गोतावळ्यात जाऊन मिळते. इतकेच नव्हे, तर जगातील सर्व किलर व्हेल एकाच जातीचे आहेत की अनेक जातींचे, याविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत झालेले नाही. वर्गीकरण म्हणजे पाठ करावयाची नावांची यादी, असा समज सर्वत्र आढळतो. किलर व्हेलचे उदाहरण असे दाखवून देते की, एखाद्या प्राण्याला कोणत्या नावाखाली व कोणत्या गटात नोंदवले जाते यावर त्याचे संरक्षण, प्रसंगी त्याचे अस्तित्वही अवलंबून असते.

मासा की सस्तन?

मासा कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. किलर व्हेलला कल्ले नसतात. त्याला फुप्फुसे असतात व श्वासासाठी त्यास वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. डोक्याच्या माथ्यावर त्याचे एकच श्वसनछिद्र असते. बहुतेक मासे शीतरक्ताचे असतात. किलर व्हेलचे रक्त उष्ण असते आणि कातडीखालील चरबीचा जाड थर त्याची ऊब टिकवून धरतो. तो अंडी घालत नाही. मादी पिलाला जन्म देते व दूध पाजते. दूध पाजणे हे सस्तन वर्गाचे प्रमुख लक्षण होय.

आणखी एक खूण विद्यार्थ्यांना सहज पटते. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते. देवमासे व डॉल्फिन यांची शेपटी आडवी असते व ती वर-खाली हलते. धावणाऱ्या कुत्र्याचा किंवा घोड्याचा पाठीचा कणा ज्याप्रमाणे वर-खाली लवतो, त्याच पद्धतीची ही हालचाल आहे. जमिनीवर धावणाऱ्या पूर्वजांची ही आठवण सागरातील या प्राण्याने शरीरात जपून ठेवली आहे, असे म्हणता येईल. पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाचा सांगाडा पाहिला तर त्यात खांदा, दंड, मनगट आणि बोटे यांची हाडे स्पष्ट दिसतात. मागचे पाय लोपले आहेत. परंतु कमरेच्या हाडांचे लहान अवशेष शरीरात शिल्लक आहेत.

बैलाचा दूरचा आप्त

देवमाशांचे पूर्वज जमिनीवर राहत असत, हा निष्कर्ष प्रस्थापित करण्यात भारतीय उपखंडातील जीवाश्मांचा वाटा फार मोठा आहे. गुजरातमधील कच्छच्या खडकांत प्राचीन देवमाशांचे अवशेष मिळाले असून डॉ. अशोक साहनी व डॉ. विजय प्रकाश मिश्र यांनी १९७० च्या दशकात त्यांवर महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमविलेल्या जीवाश्मांतून ‘इंडोहायस’ हा सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा लहानसा खुरधारी प्राणी ज्ञात झाला. रंगा राव यांच्या निधनानंतर त्यांच्या संग्रहातील दगड अमेरिकेतील संशोधक थेविसन यांच्याकडे अभ्यासासाठी गेले. त्यातील एका कवटीच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशांच्या कानासारखी आढळली. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले आणि देवमाशांच्या उगमाविषयीच्या चर्चेस नवी दिशा मिळाली.

तत्पूर्वी २००१ साली पाकिस्तानातील प्राचीन देवमाशांच्या घोट्याच्या हाडाविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले होते. गाय, बैल, हरीण, उंट, डुक्कर अशा समसंख्य खुरांच्या प्राण्यांत घोट्याचे हाड ज्या विशिष्ट घडणीचे असते, त्याच घडणीचे हे हाड होते. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनेही हेच दर्शविले असून आज हयात असलेल्या प्राण्यांपैकी पाणघोडा हा देवमाशांचा सर्वांत जवळचा नातेवाईक मानला जातो. यामुळे देवमासे आता समखुरी प्राण्यांच्या गणातच गणले जातात. पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग लावला जातो तो बैल आणि उत्तर ध्रुवाजवळ सील पकडणारा किलर व्हेल हे अशा रीतीने एकाच गणातील दूरचे आप्त ठरतात. देवमाशांचे जठर अनेक कप्प्यांचे असते, ही गोष्टही या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

नावाची कथा

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या प्राण्यास ‘डेल्फिनस ओर्का’ असे नाव दिले. म्हणजे प्रारंभापासूनच त्याची गणना डॉल्फिनमध्ये झाली होती. पुढे १८६० साली फिट्झिंगर याने त्याच्यासाठी ‘ऑर्सिनस’ ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली आणि ‘ऑर्सिनस ओर्का’ हे आजचे शास्त्रीय नाव रूढ झाले. ऑर्कस हा रोमन पुराणकथांतील पाताळाचा देव होय. मोठ्या देवमाशांवर कळपाने तुटून पडणारा प्राणी म्हणून दर्यावर्दी लोकांनी त्यास देवमाशांचा मारेकरी म्हटले व तेच नाव उलटसुलट होऊन ‘किलर व्हेल’ झाले, असे सांगितले जाते.

आजच्या वर्गीकरणानुसार त्याचे स्थान पुढीलप्रमाणे सांगता येईल : सृष्टी प्राण्यांची, संघ समपृष्ठरज्जू प्राण्यांचा, वर्ग सस्तन, गण समखुरी, कुल डेल्फिनिडी म्हणजे डॉल्फिनचे, प्रजाती ऑर्सिनस आणि जाती ओर्का. देवमाशांचे दोन मोठे विभाग आहेत. एका विभागातील देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या असतात व त्यांतून ते पाणी गाळून बारीक जीव खातात. निळा देवमासा या विभागातील होय. दुसरा विभाग दात असलेल्यांचा. सर्व डॉल्फिन या दुसऱ्या विभागात मोडतात. म्हणून किलर व्हेलला व्यापक अर्थाने देवमासा म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही; परंतु त्याचे नेमके कूळ सांगावयाचे तर तो डॉल्फिन कुलातील सर्वांत मोठा प्राणी आहे, असे सांगावे लागेल.

नावांमुळे होणारी गल्लत येथेच थांबत नाही. ‘फॉल्स किलर व्हेल’ या नावाचा प्राणी डॉल्फिन कुलातीलच असला तरी त्याची प्रजाती वेगळी आहे. उलट ‘व्हेल शार्क’ हा नावात व्हेल असूनही खराखुरा मासा आहे. त्याला कल्ले असतात आणि त्याची शेपटी उभी असते. शिक्षकांनी हे दोन प्राणी शेजारी ठेवून शिकविल्यास वर्गीकरणाचे तत्त्व विद्यार्थ्यांच्या मनावर ठसू शकेल.

शरीर व शिकार

पूर्ण वाढलेला नर साधारणतः ६ ते ८ मीटर लांब असतो, म्हणजे एस. टी. गाडीहून थोडा कमी. त्याचे वजन ६ टनांपर्यंत व क्वचित त्याहूनही अधिक भरते. दहा-बारा धिप्पाड बैल एकत्र केले तर एवढे वजन होईल. मादी आकाराने लहान, म्हणजे ५ ते ७ मीटर लांबीची असते. नराच्या पाठीवरील उभा पर १.८ मीटरपर्यंत उंच, म्हणजे उंच माणसाएवढा असतो. मादीचा पर त्याच्या निम्म्याएवढा व मागे वळलेला असतो. पाठ काळी, पोट पांढरे, डोळ्यामागे पांढरा लांबट डाग आणि पराच्या मागे करड्या रंगाचा खोगिरासारखा पट्टा ही त्याची ओळख होय. हा पट्टा व पराच्या कडा प्रत्येक प्राण्यात वेगळ्या असतात.

जबड्यांत एकूण ४० ते ५६ शंकूच्या आकाराचे दात असतात. ते भक्ष्य पकडण्यास व फाडण्यास उपयोगी पडतात. अंधाऱ्या पाण्यात मार्ग व भक्ष्य शोधण्यासाठी किलर व्हेल टिकटिकीसारखे आवाज काढतो व त्यांच्या प्रतिध्वनीवरून समोरील वस्तूचे अंतर व आकार ओळखतो. अल्पकाळ तो ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग गाठू शकतो. त्याची शिकार करू शकेल असा दुसरा प्राणी समुद्रात नाही. मात्र मुक्त समुद्रात किलर व्हेलने माणसास ठार केल्याची खात्रीलायक नोंद नाही. मृत्यूच्या घटना बंदिस्त जलतरण तलावांत घडल्या आहेत.

शिकारीच्या पद्धती समूहागणिक भिन्न आहेत. अंटार्क्टिकाजवळ काही समूह एकत्र पोहून लाट उठवितात व बर्फाच्या लादीवरील सीलला पाण्यात पाडतात. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर ते क्षणभर किनाऱ्यावर चढून सीलचे पिलू उचलतात. नॉर्वेच्या सागरात हेरिंग माशांचा थवा गोळा करून शेपटीच्या फटक्याने त्यांना बधिर करतात. ही कौशल्ये उपजत नसून वडीलधाऱ्यांकडून लहानांकडे शिकवणीने जातात, असे दीर्घ निरीक्षणांवरून दिसून आले आहे.

आजीच्या नेतृत्वाखालील कुटुंब

किलर व्हेलचे कुटुंब मातृप्रधान असते. पॅसिफिक महासागराच्या ईशान्य भागातील मासे खाणाऱ्या समूहांत मुलगे व मुली दोन्ही जन्मभर आईसोबत राहतात. नर समागमासाठी दुसऱ्या कुटुंबातील मादीकडे जातो व पुन्हा आईकडे परततो. गर्भावस्थेचा काळ सुमारे १५ ते १८ महिने असतो. जन्मतः पिलू २ मीटरहून अधिक लांब असते. मादीला साधारणपणे पाच वर्षांच्या अंतराने एक पिलू होते. मृत पिलांचे प्रमाण मोठे असल्यामुळे समूहाची वाढ अत्यंत मंद असते.

मादीची प्रजननक्षमता वयाच्या चाळिशीच्या सुमारास संपते. पण ती त्यानंतरही अनेक दशके जगते. काही मादी ८० वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक जगतात असा अंदाज आहे. पाळी जाऊन पुढे दीर्घकाळ जगणाऱ्या जाती प्राणिसृष्टीत फार थोड्या आहेत. त्यांत मनुष्य व दात असलेल्या काही देवमाशांचा समावेश होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, साल्मन माशांचा तुटवडा असलेल्या वर्षी अशा वृद्ध माद्याच कुटुंबाच्या पुढे पोहून वाट दाखवितात. २०१९ च्या अभ्यासानुसार आजी हयात असलेल्या नातवंडांचे जगण्याचे प्रमाण अधिक असते. दुष्काळाच्या साली कोणत्या विहिरीला पाणी टिकते हे घरातील म्हातारी माणसे जाणतात. सागरातही अनुभवाचे मोल तसेच आहे.

प्रत्येक कुटुंबाची बोलीही स्वतंत्र असते. कॅनडातील संशोधक जॉन फोर्ड यांनी १९८० च्या दशकात या ध्वनींचा तपशीलवार अभ्यास करून दाखविले की, निरनिराळ्या समूहांच्या हाका निरनिराळ्या असतात व पिले त्या आईकडून शिकतात. २०१८ साली ‘जे ३५’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मादीने आपले मृत पिलू १७ दिवस पाण्यावर वाहून नेले. त्या घटनेने या प्राण्यांच्या कौटुंबिक बंधाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

एक जाती की अनेक?

या प्राण्याची शास्त्रशुद्ध मोजदाद सुरू झाली ती कॅनडात. तेथील शास्त्रज्ञ मायकल बिग यांनी १९७१ साली कोळी, दीपगृहांचे कर्मचारी व नावाडी यांच्याकडून एका ठराविक दिवशी दिसलेल्या किलर व्हेलच्या नोंदी मागविल्या. हजारोंच्या संख्येने असलेले हे प्राणी मासेमारीस घातक आहेत असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात त्या किनाऱ्यावर ते काही शेच असल्याचे निष्पन्न झाले. पुढे बिग यांनी पर व खोगिरासारख्या पट्ट्याची छायाचित्रे घेऊन प्रत्येक प्राण्यास क्रमांक दिला.

या नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. एकाच पाण्यात दोन प्रकारचे किलर व्हेल राहत होते व ते एकमेकांत मिसळत नव्हते. एक प्रकार केवळ मासे, विशेषतः साल्मन खात असे व मोठ्या कुटुंबांत राहत असे. दुसरा प्रकार सील, समुद्रसिंह व लहान डॉल्फिन यांची शिकार करी, लहान गटांत फिरे आणि भक्ष्य सावध होऊ नये म्हणून फारसा आवाज करीत नसे. या दुसऱ्या प्रकारास आज बिग यांच्या सन्मानार्थ ‘बिग्ज किलर व्हेल’ म्हणतात. खोल समुद्रात शार्क खाणारा तिसरा प्रकारही पुढे ज्ञात झाला. अंटार्क्टिकाच्या सभोवती तर ए, बी, सी व डी असे निरनिराळे प्रकार नोंदविले गेले आहेत. त्यांपैकी डोळ्यामागील डाग अत्यंत लहान असलेल्या ‘डी’ प्रकाराची पहिली ओळख १९५५ साली न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर लागलेल्या कळपावरून झाली.

आनुवंशिक तपासणीत बिग्ज प्रकार इतरांपासून दोन ते तीन लाख वर्षांपूर्वी विलग झाल्याचे दिसते. या आधारावर २०२४ च्या मार्च महिन्यात काही संशोधकांनी उत्तर पॅसिफिकमधील मासे खाणाऱ्या प्रकारास ‘ऑर्सिनस एटर’ व सस्तन प्राणी खाणाऱ्या प्रकारास ‘ऑर्सिनस रेक्टिपिनस’ अशा दोन स्वतंत्र जाती मानाव्यात, असा प्रस्ताव मांडला. सागरी सस्तन प्राण्यांच्या नावांची अधिकृत यादी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तूर्त त्यांना उपजातीचा दर्जा दिला आहे. पुरावा वाढेल तसा हा निर्णय बदलू शकेल. विज्ञानात वर्गीकरण हे असे सतत तपासले जाणारे दप्तर असते.

दप्तरातील नोंद आणि प्राण्याचे भवितव्य

सर्व किलर व्हेल एकाच खात्यात मांडले तर ते जगातील सर्व महासागरांत पसरलेले, संख्येने बरे असे प्राणी ठरतात. तेच स्वतंत्र गटांत मांडले तर काही गट विनाशाच्या काठावर असल्याचे दिसते. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ‘दक्षिणेकडील निवासी’ समूह हे याचे ठळक उदाहरण होय. १९६० व १९७० च्या दशकांत या समूहातील अनेक तरुण प्राणी जलक्रीडागृहांसाठी पकडून नेण्यात आले. आज त्यांची संख्या पाऊणशेच्या आसपास आहे. या समूहास स्वतंत्र गट मानून अमेरिकन शासनाने २००५ साली त्याची नोंद संकटग्रस्तांच्या यादीत केली, तेव्हाच त्याला विशेष संरक्षण मिळू शकले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने संपूर्ण जातीची नोंद अद्याप ‘अपुरी माहिती’ या सदराखाली ठेवली आहे. कारण जाती एक की अनेक हेच ठरावयाचे आहे.

मोजदाद नसताना किती हानी होते याचा दाखला १९७९-८० च्या हंगामात मिळाला. त्या एका हंगामात सोव्हिएत जहाजांनी अंटार्क्टिक सागरात ९१६ किलर व्हेल मारले. त्यांतील किती प्राणी कोणत्या प्रकारचे होते, याचा हिशेब पुढे लावणे कठीण झाले.

महाराष्ट्राचा किनारा आणि कायदा

अरबी समुद्रात व श्रीलंकेच्या सभोवती किलर व्हेल अधूनमधून दिसतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत त्यांचे दर्शन अत्यंत दुर्मीळ आहे. कोकणच्या किनाऱ्यावर नित्य आढळणारे त्याचे कुलबंधू म्हणजे पाठीवर उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन. याशिवाय पाठीवर पर नसलेला लहान पॉरपॉइज येथे राहतो. मोठे देवमासेही येतात. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत अवस्थेत किनाऱ्यावर लागला. तो वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहू किनाऱ्यावर ब्राइड्ज जातीचा देवमासा मृतावस्थेत आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे देवमाशाचे पिलू वाळूत अडकले. शासकीय यंत्रणा, तज्ज्ञ व ग्रामस्थ यांनी अथक परिश्रम करून त्यास समुद्रात सोडले. मात्र तेही जगू शकले नाही. अशा प्रत्येक प्रसंगी जाती नेमकी ओळखणे आवश्यक असते, कारण कोणती जाती कोणत्या ऋतूत किनाऱ्याजवळ येते हे अशाच नोंदींतून कळते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देवमासे व डॉल्फिन यांना संरक्षण आहे. त्यांची शिकार करणे व त्यांच्या अवयवांचा व्यापार करणे गुन्हा आहे. ‘देवमाशाची उलटी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अंबरग्रीस या पदार्थासही हे लागू पडते. हा पदार्थ स्पर्म व्हेल या जातीच्या आतड्यात तयार होतो. सर्व देवमाशांशी त्याचा संबंध नाही. झटपट श्रीमंतीच्या आमिषाने समुद्रापासून दूरच्या माणसांचीही या व्यवहारात फसगत होऊ शकते व ती कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. गावपातळीवरील लोकप्रतिनिधींनी याची माहिती लोकांस द्यावी, हे इष्ट होय. जाळ्यात सापडलेल्या संरक्षित प्राण्यास सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या डिसेंबरात सुरू केली. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये परिपत्रक काढून देशात मनोरंजनासाठी डॉल्फिनगृहे उभारण्यास मनाई केली आहे.

तापीचे पाणी कोठे जाते?

समुद्रातील प्राण्याचा धरणगावशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. गिरणेचे पाणी तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. शेतातून, गटारांतून व कारखान्यांतून जे द्रव्य नदीत उतरते त्याचा काही अंश अखेर समुद्रात पोहोचतो. काही रसायने लवकर विघटित होत नाहीत व चरबीत साठून राहतात. सूक्ष्म जीवांकडून लहान माशांत, लहान माशांकडून मोठ्या माशांत व तेथून डॉल्फिनसारख्या प्राण्यांत त्यांचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते. अन्नसाखळीच्या टोकाशी असलेल्या किलर व्हेलच्या शरीरात ते सर्वाधिक असते. मादीच्या दुधातून ते पिलाकडे जाते आणि पहिल्या पिलास त्याचा सर्वांत मोठा वाटा मिळतो.

या रसायनांत डी. डी. टी. व पी. सी. बी. यांचा समावेश होतो. शेतीतील डी. डी. टी.च्या वापरावर भारतात १९८९ साली बंदी आली. पी. सी. बी. हे द्रव्य पूर्वी विजेच्या रोहित्रांच्या तेलात वापरले जाई. अभ्यासलेल्या किलर व्हेलच्या समूहांपैकी निम्म्याहून अधिक समूहांचे भवितव्य या एका द्रव्यामुळे धोक्यात आहे, असा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काढण्यात आला. भारत सरकारने २०१६ साली आदेश काढून त्याचे उत्पादन व आयात यांवर बंदी घातली आणि त्याचा वापर पूर्णतः थांबविण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरविली. जुन्या रोहित्राचे तेल ओढ्यात ओतले जाणार नाही, कीटकनाशकांचे रिकामे डबे नदीत धुतले जाणार नाहीत, एवढी दक्षता ग्रामपंचायतीने घेतली तरी तिचा लाभ प्रथम गावाच्या पिण्याच्या पाण्यास व नंतर समुद्रास होईल.

शाळेतील पाठ

शिक्षकांना हा विषय अल्प साधनांत शिकविता येईल. शाळेच्या मैदानावर खडूने किंवा चुन्याने ८ मीटर लांबीची आकृती काढावी, तिच्या पाठीवर १.८ मीटरचा पर दाखवावा व शेजारी सव्वादोन मीटरचे पिलू काढावे. मासा, किलर व्हेल व बैल अशा तीन रकान्यांचा तक्ता फळ्यावर मांडून श्वसन, रक्त, शेपटीची दिशा, पिलांचा जन्म व दूध या पाच मुद्द्यांवर विद्यार्थ्यांनीच खुणा कराव्यात. कोणता प्राणी कोणाच्या जवळचा, हे निष्कर्षाने त्यांनाच सांगू द्यावे. कोकणात सहल गेल्यास रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातील देवमाशाचा सांगाडा अवश्य दाखवावा. त्यातील वल्ह्याच्या आतील बोटांची हाडे मोजली की पुस्तकातील विधान मुलांच्या नजरेसमोर उभे राहील.

सहलीत किनाऱ्यावर अडकलेला डॉल्फिन अथवा देवमासा दृष्टीस पडल्यास काय करावे, हेही विद्यार्थ्यांस सांगून ठेवावे : तात्काळ वनविभागास कळवावे, गर्दी दूर ठेवावी, कातडी ओल्या कापडाने भिजत ठेवावी, माथ्यावरील श्वसनछिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये आणि शेपटीस दोर बांधून ओढू नये.

प्राण्याचे नाव नीट घेणे ही त्याला नीट ओळखण्याची पहिली पायरी होय. किलर व्हेलला मासा समजणाऱ्याला त्याच्या श्वासाची निकड कळणार नाही. त्यास एकाकी मारेकरी समजणाऱ्याला त्याचे आजीभोवती जमलेले कुटुंब दिसणार नाही. आणि सर्वांना एकाच जातीचे समजणाऱ्या शासनाला कोणता समूह संपत चालला आहे हे वेळीच उमगणार नाही. वर्गीकरणाचा पाठ वर्गात शिकविताना हा हेतू समोर ठेवला, तर समुद्र न पाहिलेला विद्यार्थीही समुद्राची काळजी घेणारा नागरिक होऊ शकेल.